पोटात गेलेलं अन्न अजून बाहेरच असतं

तुम्ही आत्ताच जेवून उठला असाल, तर ते जेवण अजून तुमच्या शरीरात गेलेलं नाही. पोटात गेलंय, शरीरात नाही. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण पचनसंस्था समजून घ्यायला याहून सोपी किल्ली मला तरी सापडलेली नाही.

बासरी डोळ्यांपुढे आणा. तिच्या पोकळीतून हवा जाते, पण ती हवा काही बांबूत शिरत नाही. बांबू म्हणजे भोवतीची भिंत. आपलंही तसंच आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक सलग नळी आपल्यातून आरपार गेली आहे आणि ती दोन्हीकडे बाहेरच्या जगातच उघडते. चुकून गिळलेली फळाची बी दोन दिवसांनी अख्खीच्या अख्खी बाहेर पडते, कारण ती कधी आत आलेलीच नसते. नुसती वाटेने गेलेली असते.

खरं आत येणं म्हणजे या नळीची भिंत ओलांडून रक्तात किंवा लसीकेत (लिंफ, म्हणजे रक्ताखेरीज शरीरात वेगळ्या वाहिन्यांतून फिरणारा द्रव) पोचणं. तेवढं बारीक व्हायचं तर पिष्टाच्या लांबलचक साखळ्या सुटून त्यांचं ग्लुकोज व्हावं लागतं, प्रथिनांची अमिनो आम्लं आणि तेलाची स्निग्धाम्लं. मोठे रेणू भिंतीतून जात नाहीत हे एक कारण झालं. दुसरं मला जास्त गमतीचं वाटतं. प्रथिनं ही ज्याची त्याची असतात. परकं प्रथिन अख्खं रक्तात उतरलं, तर आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडेल. सुटं अमिनो आम्ल मात्र कुणाचंच नसतं. अंड्यातलं ल्युसिन आणि डाळीतलं ल्युसिन यांत काडीचाही फरक नाही. पचन म्हणजे आधी अन्नाची ओळख पुसणं आणि मग त्याला आत घेणं.

अडचण अशी की ती भिंतही प्रथिनांची आणि स्निग्ध पदार्थांचीच बनलेली आहे. मांस विरघळवणारं यंत्र स्वतःच मांसाचं! नळीतली बरीचशी व्यवस्था अन्न पचवण्यासाठी आहेच, पण तितकीच ती नळी स्वतः पचून जाऊ नये यासाठी आहे.

तोंडापासून सुरुवात करू. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ सुटते. तिच्यातलं एन्झाइम पिष्ट तोडायला लागतं. कुठलाही साधा, अळणी, पिष्टमय घास मिनिटभर चावत राहिलात, तर तो गोडसर लागायला लागतो. ती साखर घासात आधी नव्हती, तुमच्या तोंडात तयार झाली. लाळेचं दुसरं काम मात्र जास्त महत्त्वाचं आहे. ती घास ओला, गुळगुळीत करते, नाहीतर तो गिळताच आला नसता.

गिळणं ही आपण दिवसभर नकळत करत असलेली कसरत आहे. घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता एकमेकांना छेदतो. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि जिभेच्या मुळामागचं एपिग्लॉटिस नावाचं झाकण श्वासनलिकेच्या तोंडावर झुकतं. बरेच जण या झाकणाला पडजीभ समजतात. आ केल्यावर टाळूला लोंबताना दिसते ती पडजीभ, आणि ती वरचं दार सांभाळते. मऊ टाळूबरोबर वर जाऊन ती नाकाकडचा रस्ता बंद करते. पाणी पिताना कुणी हसवलं आणि पाणी नाकातून आलं, तर वरचं दार चुकलं. ठसका लागला तर खालचं.

पुढची २५ सेंटिमीटरची अन्ननलिका म्हणजे नुसती वाहतूक. घासामागचे स्नायू आवळतात, पुढचे सैल पडतात आणि ही लाट साधारण आठ-दहा सेकंदांत घास खाली नेते. गुरुत्वाकर्षणाची मदत होते, पण तिच्यावाचून अडत नाही. उलटं लटकूनही गिळता येतं.

जठर, आणि त्याला दिलेलं नको तेवढं श्रेय

'जठर कुठे असतं?' विचारलं की माणसं बेंबीवर हात ठेवतात. ते असतं त्याच्या बरंच वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. पचन मुख्यतः तिथेच होतं हाही असाच घट्ट बसलेला समज. जठरातून रक्तात जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. कर्करोगामुळे अख्खं जठर काढावं लागलेली माणसंही जगतात. थोडंथोडं, पुन्हापुन्हा खावं लागतं आणि ब-१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं, कारण ते शोषायला मदत करणारं प्रथिन जठरच बनवतं.

मग जठर करतं काय? साठवण, घुसळण, आम्लात भिजवण आणि पुढे मोजूनमापून वाटप. घास आत आला की त्याचा वरचा भाग सैल होऊन एक ते दीड लिटरला जागा करून देतो. खालचा भाग मिनिटाला साधारण तीनदा आवळतो आणि अन्न मिटलेल्या दारावर आपटून परत फेकतो. घन अन्नाचे तुकडे एक-दोन मिलिमीटरपेक्षा लहान झाले की मगच पुढे जातात. बाकीच्यांना पुन्हा एक फेरा.

जठरात काय चालतं हे पहिल्यांदा जवळून पाहायला मिळालं, ते एका बंदुकीच्या अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमॉन्टने त्याला वाचवलं. पण जठराला पडलेलं भोक पोटाच्या कातडीशी जुळून भरलं आणि एक खिडकी कायमची उघडी राहिली. १८२५पासून बोमॉन्ट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचा. काय विरघळलं, किती उरलं? मग त्याने जठररस बाहेर काढून बाटलीत भरला, अंगाच्या उबेइतका गरम ठेवला आणि त्यात मांस टाकलं. तेही विरघळलं. म्हणजे पचन ही नुसती दळणाची किंवा कुठल्या गूढ 'जीवनशक्ती'ची करामत नव्हती, रसायनशास्त्र होतं. सेंट मार्टिन चिडला की जठराचं अस्तर बदलतं आणि पचन रेंगाळतं, हेही त्याने टिपलं. (स्वतःच्या पोटात दोरे सोडू देणाऱ्या माणसाच्या चिडण्याला कारणं कमी नसावीत.) या निरीक्षणांचं पुस्तक १८३३मध्ये आलं. सेंट मार्टिन निरक्षर होता, गरीब होता, आणि करार करून त्याला प्रयोगांसाठी बांधून घेतलं होतं. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने हे होऊ दिलं नसतं. तो डॉक्टरपेक्षा जास्त जगला. १८८०मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांना प्रेत मिळू नये म्हणून घरच्यांनी ते सडेपर्यंत पुरलं नाही.

जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे विल्यम प्राउटने १८२४मध्ये दाखवलं होतं. प्रथिनं तोडणारं पेप्सिन थिओडोर श्वानने १८३६मध्ये वेगळं केलं. जेवणाआधी जठररसाचा पीएच दीड-दोनच्या आसपास असतो. एवढ्या तीव्र आम्लात जठर टिकतं कसं? पेप्सिन पेशींतून बाहेर पडतं ते निष्क्रिय रूपात. आम्ल लागलं की मग ते जागं होतं. अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं. आम्ल अस्तराकडे झिरपता झिरपता वाटेतच शमतं. त्यावरही जी झीज होते ती काही दिवसांत नवं अस्तर येऊन भरून निघते. आम्लाची आणि या संरक्षणाची अशी रोज बरोबरी सुटत असते.

बरोबरी बिघडली की व्रण, म्हणजे अल्सर. अनेक वर्षं त्याचं खापर तिखट खाण्यावर आणि काळजीवर फुटत होतं. १९८४मध्ये बॅरी मार्शलने एका जिवाणूचं मिश्रण स्वतःच पिऊन आपल्या जठराला सूज आणून दाखवली. त्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या शोधाबद्दल त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५चं नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या. त्यांतल्या अनेक गोळ्या ज्या रसायनांना अडवून दुखणं थांबवतात, तीच रसायनं जठरातला तो श्लेष्मा राखत असतात.

आता 'पित्त' या शब्दाबद्दल थोडं भांडायचं आहे. 'मला पित्त झालंय' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वर आलेल्या आम्लाबद्दल बोलत असतो. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप सैल पडते, आम्ल वर चढतं, आणि अन्ननलिकेला जठरासारखा श्लेष्माचा थर नसल्यामुळे छातीत जळजळतं. शरीरशास्त्रातलं पित्त मात्र यकृतात तयार होतं. ते पिवळट-हिरवं, कडू आणि किंचित अल्कधर्मी असतं, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, आणि ते जठराच्या पलीकडे उतरतं. आंबट पाणी घशाशी आलं तर ते आम्ल. रिकाम्या पोटी ओकताना कडूजहर पिवळं पडलं, तर ते खरं पित्त. भाषेत एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्याला इलाज नाही. पण रिपोर्ट वाचताना हा घोळ महागात पडतो.

पंचवीस सेंटिमीटरची सगळ्यात गजबजलेली जागा

जठराचं खालचं दार एका वेळी जेमतेम काही थेंब सोडतं. ते पडतात लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्यात, ड्युओडेनममध्ये. मूळ ग्रीक नावाचा अर्थ 'बारा बोटं', कारण लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी, साधारण २५ सेंटिमीटर. माझ्या मते पचनसंस्थेचा नायक निवडायचा तर तो हा. जठरातून आलेलं आम्ल इथे शमवायचं असतं, यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचकरस मागवायचा असतो, आणि 'जरा थांब, अजून पाठवू नकोस' असं जठरालाही कळवायचं असतं.

हे कळवणं चालतं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर ठरलेलं होतं: मज्जातंतूंतून. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, आणि त्याच्या प्रयोगशाळेचंही म्हणणं हेच होतं. १९०२मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या, आणि त्या तुकड्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहायला लागला! मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लात घोटलं, गाळलं आणि शिरेत टोचलं. पुन्हा रस. म्हणजे निरोप तारेने नाही, रक्तातून जात होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं आणि अशा रासायनिक निरोप्यांसाठी स्टार्लिंगने १९०५मध्ये एक शब्द वापरला: हॉर्मोन. आज थायरॉइडपासून इन्सुलिनपर्यंत ज्याची चर्चा चालते, त्या शब्दाचा उगम आतड्याच्या या खरवडीत आहे.

सिक्रेटिन पोचलं की स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस सोडतं आणि आम्ल शमतं. अन्नात स्निग्ध पदार्थ असले तर कोलेसिस्टोकायनिन नावाचा दुसरा निरोप निघतो. त्याने पित्ताशय आवळून साठवलेलं पित्त ओततं आणि जठराचा वेग कमी होतो. तेलकट जेवण तासन्‌तास 'बसून राहतं' ते यामुळे. पित्ताशयात खडे असलेल्यांना नेमकं अशा जेवणानंतर दुखतं, त्याचंही कारण हेच.

पित्तात तेल तोडणारं एन्झाइम नसतं. ते साबणासारखं काम करतं. तेलाचा एक मोठा थेंब फोडून असंख्य बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडाचं लायपेज त्या थेंबांवर चालतं. स्वादुपिंड हा अवयव एकूणच धोकादायक कारखाना आहे. पिष्ट, प्रथिन, चरबी, तिन्ही तोडणारी एन्झाइम्स तिथे बनतात. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन तिथून निघतं तेव्हा त्याला जणू कुलूप घातलेलं असतं, आणि कुलपाची किल्ली असते आतड्याच्या भिंतीवर. हे कुलूप आतच उघडलं, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. पँक्रिएटायटिस म्हणतात तो हाच प्रकार, आणि तो किती दुखतो हे ज्याने सोसलंय त्यालाच विचारावं.

पुढचं लहान आतडं 'लहान' आहे ते रुंदीने, लांबीने नव्हे. पुस्तकांत सहा मीटर लिहिलेलं असतं. ते मोजमाप बहुधा मृतदेहावरचं, स्नायू सैल पडल्यानंतरचं. जिवंतपणी ते आखडलेलं, म्हणून बरंच आखूड असतं. असाच दुसरा लाडका आकडा म्हणजे 'आतडं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल'. २०१४मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजणी केली, तेव्हा अख्ख्या पचननलिकेचं अस्तर भरलं सुमारे ३२ चौरस मीटर. बॅडमिंटन कोर्टाच्या अर्ध्याहूनही कमी! आपल्या कातडीचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आत-बाहेर असतं हे लक्षात घेतलं, तर ३२ हाही आकडा काही कमी नाही. तो साधतो घड्यांमुळे. आतल्या भिंतीला वळ्या, वळ्यांवर मखमलीच्या लवेसारखे मिलिमीटरभराचे उंचवटे, त्यांना विलाय म्हणतात, आणि विलायांवरच्या प्रत्येक पेशीवर पुन्हा सूक्ष्म ब्रश. या पेशींचं आयुष्य असतं तीन ते पाच दिवसांचं. तळाशी जन्मायचं, शोषत शोषत टोकाला सरकायचं आणि गळून पडायचं. जी भिंत सतत पाचकरसात भिजते ती टिकवण्यापेक्षा नवी बांधत राहणं शरीराला परवडतं.

भिंत ओलांडली की दोन रस्ते फुटतात. साखर आणि अमिनो आम्लं विलायातल्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि पोर्टल शिरेतून आधी यकृताकडे जातात. यकृत माल तपासतं, साठवतं, विषारी असेल ते निकामी करतं आणि उरलेलं पुढे सोडतं. पचलेले बहुतेक स्निग्ध पदार्थ मात्र पेशीत पुन्हा जोडले जाऊन प्रथिनांच्या वेष्टनात बांधले जातात. ही गाठोडी रक्ताच्या केशवाहिन्यांत शिरायला मोठी पडतात, म्हणून ती लसीकेच्या वाटेने छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या तळाशी शिरेत उतरतात. यकृताला वळसा घालून! नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात गास्पारे अझेली यांना १६२२मध्ये पांढरे धागे दिसले, ते याच दुधाळ लसीकेने भरलेले होते.

ग्लुकोजची एक गोष्ट सांगायलाच हवी. ते आत येतं ते सोडियमचा हात धरून, एकाच दारातून, आणि दोघांमागोमाग पाणी येतं. कॉलरासारख्या जुलाबातही हे दार शाबूत राहतं. म्हणून नुसतं पाणी टिकत नाही, पण ठरावीक प्रमाणात मीठ आणि साखर घातलेलं पाणी टिकतं. १९७१च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असं पाणी ड्रममध्ये भरून पाजलं, आणि छावणीतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आले.

पाण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आपण पितो, खातो त्यातून दोनेक लिटर येतं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून आणखी सहा-सात लिटर शरीर स्वतःच नळीत ओततं. या आठ-नऊ लिटरपैकी विष्ठेतून बाहेर जातं शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं परत. जुलाबात माणूस काही तासांत का खंगतो ते यावरून कळेल. प्यायलेलं पाणी तर जातंच, शिवाय उसनं दिलेलंही परत येत नाही.

शेवटचा दीड मीटर

मोठ्या आतड्याबद्दल हल्ली इतकं लिहिलं जातं की मी थोडक्यात आवरतो. तिथे राहणारे जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. 'एकाला दहा' हे प्रसिद्ध प्रमाण २०१६च्या मोजणीत टिकलं नाही, आणि सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पाव किलोही भरत नाही. आपल्याला न पचणारे तंतू ते आंबवतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात, आणि वायू निघतो तो कुठे जातो ते सांगायला नको. विष्ठेचा तपकिरी रंगही इथलाच. जुन्या लाल रक्तपेशी मोडून बनलेलं रंगद्रव्य पित्तातून येतं आणि जिवाणू त्याला तपकिरी करतात. विष्ठा पांढुरकी, मातकट दिसायला लागली तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे असं समजून डॉक्टर गाठावा.

नळीचा शेवट होतो दोन झडपांनी. आतली आपल्या ताब्यात नाही, बाहेरची आहे. आत आलेला माल घन आहे, द्रव आहे की नुसता वारा, हे तिथलं अस्तर क्षणात ओळखतं. या कौशल्याचं कौतुक कुणी करत नाही, जुलाब होईपर्यंत.

आणि सगळं पुढे सरकून नळी रिकामी झाली की? तेव्हा 'पोटात कावळे ओरडतात'. उपाशीपोटी साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक जोरदार लाट निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडत जाते. उरलेले कण, गळालेल्या पेशी, वाट चुकलेले जिवाणू, सगळं पुढे लोटते. आत हवा आणि थोडं पाणी असल्याने त्याचा आवाज होतो. म्हणजे कावळे भुकेने ओरडत नसतात, केर काढत असतात. काही खाल्लंत की ही लाट थांबते आणि दोन खाण्यांत पुरेसं अंतर पडल्यावरच पुन्हा सुरू होते.